‘मी तिला पाहिली’ : फ्रेंचमधली कर्माची सर्वनामं आणि आपल्या घरातलं मराठी



या व्याख्यानमालेत संतसाहित्य झालं, नाट्यसंगीत झालं, इतिहास तर दर दोन वर्षांनी होतोच. फ्रेंच व्याकरण बहुधा पहिल्यांदाच येत असेल. विषय सांगितला तेव्हा आपल्या कार्यवाहांनी दोनदा विचारलं, ‘‘ताई, नक्की ना?’’ नक्की, असं मी म्हटलं खरं, पण माझं बोलणं फ्रेंचपाशी सुरू होऊन आपल्याच स्वयंपाकघरात येऊन थांबणार आहे, हे तेव्हा त्यांना सांगितलं नव्हतं. सभागृहात मी फळ्यावर लिहीत होते. इथे फळा नाही, म्हणून फ्रेंच वाक्यं देवनागरीत देते. त्यातला ‘झ’ आपल्या ‘झाडा’तला नव्हे, ‘टेलिव्हिजन’मधल्या ‘ज’सारखा वाचा.

मी बरीच वर्षं सुरतेत फ्रेंच शिकवते आहे. पूर्वी येणारी मुलं हौसेने यायची. आता बहुतेक जण कॅनडाला जायचं म्हणून परीक्षेसाठी येतात. कुणी हिरेबाजारातला असतो, कुणी कापड मार्केटमधला, कुणी उधना-लिंबायतमधल्या खानदेशी घरातला, कुणी आपल्यासारख्या तीन-चार पिढ्या इथे राहिलेल्या घरातला. घरची भाषा गुजराती असो की मराठी, एक चूक सगळे सारखीच करतात. ‘मी त्याला पाहतो’ याचं फ्रेंच करायला सांगितलं की ‘झ लुई व्वा’ असं लिहितात. हवं असतं ‘झ ल व्वा’.

या ‘ल’ आणि ‘लुई’च्या घोळात आजचा सगळा विषय आहे.

शाळेत आपण विभक्ती पाठ केल्या होत्या, आठवतं? द्वितीया : स, ला, ते. चतुर्थी : स, ला, ते. एकच ओळ दोनदा म्हणावी लागते आणि तिची नावं मात्र दोन, याचं लहानपणी मला फार आश्चर्य वाटायचं. मी गुजराती माध्यमाच्या शाळेत होते, तेव्हा ही ओळ शाळेत नाही, घरी वडिलांकडून शिकले. ‘‘मग दोन कशाला?’’ असं विचारलं तर ते म्हणाले, ‘‘संस्कृतात दोन आहेत म्हणून.’’ गुजरातीतही तेच : ‘एने जोयो’, ‘एने आप्युं’. पाहिलं तरी ‘एने’, दिलं तरी ‘एने’. मराठीत दोन्हीकडे ‘त्याला’.

फ्रेंचने ही दोन घरं वेगळी ठेवली आहेत. क्रियेचा भार ज्याच्यावर थेट पडतो त्याच्यासाठी पुल्लिंगी ‘ल’, स्त्रीलिंगी ‘ला’, अनेकवचनी ‘ले’. ज्याच्याकडे काही जातं, ज्याला काही दिलं-सांगितलं जातं, त्याच्यासाठी ‘लुई’, अनेकांसाठी ‘लर’. ही सगळी सर्वनामं क्रियापदाच्या आधी येऊन बसतात. ‘झ ला व्वा’ म्हणजे मी तिला पाहते. ‘झ लुई पार्ल’ म्हणजे मी तिच्याशी बोलते, किंवा त्याच्याशी, कारण ‘लुई’मध्ये बाई-पुरुष कळत नाही.

‘ला’ ऐकला की आपल्या माणसांना आनंद होतो. अरे, हा तर आपलाच ‘ला’! तो आपला नाही. आपला ‘ला’ नामाच्या मागे लागणारा प्रत्यय आहे आणि त्याला स्वतःचं लिंग नाही. फ्रेंच ‘ला’ एकटाच सबंध ‘तिला’ आहे. नावात साम्य आहे, नातं काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? जिथे थेट कर्म तिथे ‘ल’, जिथे देणं-घेणं तिथे ‘लुई’. मीही पहिली काही वर्षं वर्गात असंच सांगत होते आणि मुलं तशीच चुकत होती. मग एकदा मी आपलीच वाक्यं एका कागदावर मांडली. त्याला बोलावलं. त्याला विचारलं. त्याला मदत केली. त्याला फोन केला. त्याला भेटलो. त्याला सांगितलं. सहाही ठिकाणी ‘त्याला’. फ्रेंचमध्ये बोलावणं, मदत करणं आणि भेटणं ही थेट कर्माची, तिथे ‘ल’. विचारणं, फोन करणं, सांगणं इथे ‘लुई’. मराठीवरून हे कळायला मार्गच नाही. ‘मदत’ तर मुद्दाम फसवते. आपल्या वाक्यात ‘मदत’ हेच कर्म आहे, तेव्हा ‘त्याला’ चतुर्थी असणार, म्हणून ‘लुई’. चूक! फ्रेंचमध्ये ‘मदतणे’ असं एकच क्रियापद आहे आणि ज्याला मदत करायची तो त्याचं थेट कर्म : ‘झ लेद’. (‘ल’पुढे स्वर आला की त्याचा ‘अ’ गळतो आणि दोन शब्द चिकटतात. ‘ला’चंही तसंच होतं, हे पुढे कामाला येणार आहे.)

उलट दिशेनेही फसगत आहे. आपण कुणाची वाट पाहतो, कुणाचे आभार मानतो, कुणाचं ऐकतो. इथे ‘ला’ नाहीच, षष्ठी आहे. गुजरातीतही ‘एनी राह जोवी’. फ्रेंच या तिन्ही ठिकाणी थेट कर्म घेते. ‘झ लाताँ’, मी त्याची वाट पाहते, शब्दशः मी त्याला थांबते म्हणा हवं तर. आणि ‘ऐकणं’ तर बघण्यासारखं आहे. ‘आईचं ऐक’ असं आपण मुलाला सांगतो, त्यात कान देणंही आलं आणि सांगितलेलं करणंही आलं. आपल्याला ती एकच गोष्ट वाटते, निदान माझ्या लहानपणी तरी वाटत होती. फ्रेंचमध्ये कान देणं थेट आहे, ‘झ लेकूत’. आज्ञा पाळणं थेट नाही, ‘झ लुई ओबेई’. आईचं नुसतं ऐकून घेणारा मुलगा एका सर्वनामात आणि खरोखर ऐकणारा दुसऱ्या सर्वनामात.

तेव्हापासून मी मराठीवरून नियम सांगणं सोडलं. वहीत क्रियापद लिहितानाच त्याच्यापुढे ‘आ’ हे शब्दयोगी लागतं की नाही ते लिहून ठेवायचं, एवढंच सांगते. ‘तेलेफोने आ’, ‘पार्ले आ’, म्हणून ‘लुई’. ‘एदे’, ‘आताँद्र’, ‘एकूते’ यांच्यापुढे काही नाही, म्हणून ‘ल’ किंवा ‘ला’. याला काही अपवाद आहेत आणि दोन सर्वनामं एकत्र आली की त्यांचा क्रम लावण्यात माझा वर्गातला अर्धा तास जातो. त्यातून तुमची सुटका करते.

माझा खरा विषय आता येतो. तुम्ही कुणाच्या घरी गेलात आणि घरच्या बाईंनी विचारलं, ‘‘पोळी खाल्लीत का?’’ तर तुम्ही नुसतं ‘‘खाल्ली’’ म्हणता. ‘मी ती खाल्ली’ असं कुणी म्हणत नाही, म्हटलं तर भांडण चालू आहे असं वाटेल. पोळी शब्द म्हणून गळली, पण ‘खाल्ली’तल्या ‘ली’मध्ये ती बसलेली आहे. भात असता तर ‘खाल्ला’, वरण असतं तर ‘खाल्लं’. फ्रेंचमध्ये हे चालत नाही. नुसतं ‘झे माँझे’ म्हटलं तर ‘माझं जेवण झालंय’ असा अर्थ होतो. पोळीचं उत्तर हवं असेल तर ‘झ ले माँझे’, ती खाल्ली, असं म्हणावंच लागतं. आमची मुलं हे सर्वनाम हमखास गाळतात. क्रियापदाने कर्माला पोटात घेतलं आहे अशा भाषेतून ती आलेली असतात. अर्थात ‘ही साडी बघ’, ‘बघते’ इथे क्रियापदात साडी कुठेच नाही, तरी आपण तिला गाळतो. म्हणजे सगळं श्रेय ‘ली’ला देता येत नाही. आपण ऐकणाऱ्यावर जरा जास्त विश्वास टाकतो, असंही आहे.

साडीवरून आठवलं. फ्रेंच ‘ला’ साडीलाही तोच आणि सासूलाही तोच. ‘दुकानात ती पाहिली’ आणि ‘दुकानात तिला पाहिलं’ यांतला फरक मराठीत लहान मूलही ओळखतं. पहिली साडी, दुसरी बाई. आपला ‘ला’ हा जिवंतपणाचा शिक्का आहे. फ्रेंचला तो फरक करायची गरज वाटत नाही.

पण त्या ‘पाहिली’ आणि ‘पाहिलं’कडे जरा थांबून बघा. कर्माला ‘ला’ नसेल तर मराठी क्रियापद कर्माप्रमाणे फिरतं, साडी पाहिली. याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. ‘ला’ लागला की क्रियापद कर्माचा हात सोडून नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं, मुलीला पाहिलं. हा भावे प्रयोग. प्रमाण मराठीचा हा नियम.

गुजराती हा नियम पाळत नाही. ‘में छोकरीने जोई’, ‘में छोकराने जोयो’. ‘ने’ लागला तरी क्रियापद कर्माचा हात सोडत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईसाठी तर आदरार्थी ‘बाने जोयां’ असं म्हणतात.

आणि आमच्या घरात? आमच्या घरात ‘मी तिला पाहिली’ असंच म्हणायचे. ‘त्याला उचलला’, ‘मुलीला निजवली’, ‘सुनेला माहेरी पाठवली ने?’ तुमच्यातले काही जण आत्ता मान हलवताहेत, म्हणजे हे एकट्या आमच्या घरातलं नाही. माझी आत्या असं बोलायची. ती सगरामपुऱ्यात आमच्या घरी होती, अकाली विधवा झालेली, आणि आम्हा भावंडांना तिनेच वाढवलं. मी पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ‘मी तिला पाहिली’ म्हणाले आणि चुलतभावंडं हसून लोळली. ‘‘सुरती मराठी!’’ असं मला दोन वर्षं ऐकावं लागलं. मी सुधारले. सुधारले एवढंच नाही, सुट्टीत घरी आले की आत्याला सुधारू लागले. ती ‘पाहिली’ म्हणाली की मी ‘पाहिलं’ म्हणायची, पाहुण्यांसमोरसुद्धा. ती चिडली नाही. फक्त पाहुणे आले की ती त्यांच्याशी गुजराती बोलू लागली, पुण्याहून आलेले असले तरी. ते न समजून माझ्या वडिलांकडे बघायचे. हे मी का केलं याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण असं मी केलं, हे आज इथे छापून ठेवते.

त्याच पुण्यात मी फ्रेंच शिकले आणि तिथे मला आत्याचं वाक्य भेटलं. फ्रेंचमध्ये ‘मी चिठ्ठी लिहिली’ म्हणजे ‘झे एक्री ला लेत्र’. ‘लेत्र’ स्त्रीलिंगी आहे, पण ‘एक्री’ला त्याचं काही नाही. आता चिठ्ठीचं सर्वनाम करा. ते क्रियापदाच्या आधी येणार, आणि आधी आलं की भूतकाळी धातुसाधिताला त्याचं लिंग घ्यावं लागतं : ‘झ ले एक्रीत’. तो शेवटचा ‘त’ चिठ्ठीचा आहे. खिडकी, ‘ला फनेत्र’, तीही स्त्रीलिंगी. ती उघडली, ‘झ ले ऊव्हेर्त’. कर्म मागून आलं तर क्रियापद त्याला ओळखत नाही, पुढे येऊन उभं राहिलं की ओळखतं. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या कवीने इटालियनचा दाखला देत हा नियम आपल्या शिष्यांना पद्यात सांगितला, आणि तेव्हापासून फ्रान्समधली शाळकरी मुलं त्याच्यावर मार्क घालवत आली आहेत. त्यात गंमत ही की बहुतेक क्रियापदांत हा बदल ऐकूच येत नाही. ‘मी तिला पाहिली’ हे फ्रेंचमध्ये ‘झ ले व्यू’, आणि ‘त्याला पाहिला’ हेही ‘झ ले व्यू’. फक्त लिहिताना बाईसाठी शेवटी एक मुकं अक्षर जास्त लिहायचं.

‘मी तिला पाहिली’ असंच मी आत्ता म्हणाले. फ्रेंच वाक्याचं नेमकं मराठी करायचं तर ‘पाहिलं’ म्हणून चालत नाही, कारण त्यात ते मुकं अक्षर हरवतं. आत्याचंच क्रियापद लागतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी वर्गात होते, आणि बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं.

या तीन भाषा शेजारी ठेवल्या तर मला एक गोष्ट दिसते. गुजरातीत ‘ए’ म्हणजे तो, ती, ते सगळंच. ‘एने’वरून बाई की पुरुष कळत नाही, ते काम ‘जोई’ किंवा ‘जोयो’ करतं. फ्रेंचमध्ये ‘ल’ आणि ‘ला’ दोघांचाही स्वर गळून नुसता ‘ल्’ उरतो, लिंग झाकलं जातं, आणि निदान कागदावर तरी ते धातुसाधित सांगतं. प्रमाण मराठीत ‘तिला’मध्येच ती बाई आहे हे कळलेलं असतं, मग क्रियापद निवांत ‘पाहिलं’ म्हणून मोकळं होतं. हा नियम म्हणून घेऊ नका. ‘त्यांना पाहिलं’ म्हटलं की मराठीतही काहीच कळत नाही, आणि गुजराती ‘छोकरी’ असं स्पष्ट नाव असतानाही ‘जोई’च म्हणते. पण आमच्या घरातलं ‘तिला पाहिली’ हे दोन्हीकडून बोलतं, सर्वनामातून आणि क्रियापदातूनही. कुणाला ते उधळेपण वाटेल.

मग हे गुजरातीचं ऊष्टं आहे का? मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली निघालं. त्यांच्यापासून आजच्या स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांपर्यंत मराठी व्याकरणांत संकर प्रयोगांची चर्चा येते. कर्माला ‘ला’ लागला आहे आणि तरी क्रियापद कर्माच्या लिंगाने फिरतं, अशा वाक्याला आपल्याकडे ‘कर्म-भाव संकर’ म्हणतात. ‘आईने मुलीला निजवली’ या घडणीचं वाक्य. म्हणजे पुण्यात ज्याला हसले त्याला मराठीच्या व्याकरणात नाव आहे, आणि ज्याला नाव द्यावं लागलं ते मराठी माणसं बोलत होती म्हणूनच. गुजरातीच्या शेजाराने आमच्या घरात ते टिकलं, फोफावलं असेल. आणलं मात्र गुजरातीनेच, असं मी आता म्हणणार नाही. ‘येतोस ने?’मधला ‘ने’ मात्र शेजाऱ्यांचा आहे, तो मी मान्य करते आणि वापरतेही.

व्याकरणाचा आणि सुरतेचा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. 1836 मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिणारे, ज्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात ते दादोबा पांडुरंग तर्खडकर, त्यानंतर याच शहरात शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजींबरोबर 1844 मध्ये त्यांनी इथे मानवधर्मसभा स्थापली. शाळेतलं गुजराती आणि आपलं मराठी रोज त्यांच्या कानांवर एकत्र पडत असणार.

फ्रेंचांचं म्हणाल तर 1668 मध्ये फ्रँस्वा कारों याने त्यांच्या कंपनीची वखार सुरतेतच घातली. पुढे 1758 मध्ये आंकेतिल द्यूपेरों हा तरुण विद्वान पारशांची अवेस्ता शिकायला इथे आला, दस्तुर दाराब यांच्याकडे शिकला आणि 1771 मध्ये पॅरिसला त्याने तिचं फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केलं. गुरुशिष्य बोलायचे ते फारसीत. फारसीत ‘ऊ रा दीदम’ म्हणजे त्याला पाहिलं किंवा तिला पाहिलं, फरकच नाही. शिष्याच्या भाषेत ‘ल’ आणि ‘ला’, गुरूच्या घरच्या गुजरातीत ‘जोयो’ आणि ‘जोई’, आणि मधल्या भाषेत स्त्री-पुरुष भेद नाही! कोण कुणाबद्दल बोलतंय हे त्यांना किती वेळा पुन्हा विचारावं लागलं असेल, असं मला त्या वाड्यांवरून जाताना वाटतं. आणि रांदेरकडच्या मुसलमान व्यापारी घरांना तर फ्रेंच परकी नाहीच. त्यांच्यातले कित्येक एकोणिसाव्या शतकापासून रीयुनियन बेटावर स्थायिक आहेत. तिथे त्यांना ‘झाराब’ म्हणतात, आणि त्यांची नातवंडं सुट्टीत आली की रांदेरच्या गल्लीत फ्रेंच ऐकू येतं.

माझ्या भाचीचं कुटुंब माँट्रियलला आहे. तिची मुलगी तिथल्या फ्रेंच शाळेत जाते, मराठी घरी बोलते. गेल्या दिवाळीत ती इथे आली होती. जुना अल्बम काढला तेव्हा एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘आजी, हिला मी ओळखली. ही तुझी आत्या.’’ तिचे वडील पुण्याचे. त्यांनी लगेच दुरुस्त केलं, ‘‘ओळखलं.’’ मुलगी त्यांच्याकडे बघून म्हणाली, ‘‘पण बाई आहे ना ती? मागे ‘ए’ लागतो.’’ तिने फ्रेंचच्या मुक्या अक्षराचा नियम मराठीला लावला होता, हे त्यांना कळलं नाही. मला कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मराठीची बाजू घ्यावी म्हणून.

मी तिला विचारलं, ‘‘कशी काय ओळखलीस?’’

‘‘नाकावरून,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्यासारखंच आहे.’’ मग अल्बमचं पान उलटून तिने पुढचा फोटो काढला. त्यात आत्या ओट्यावर बसून तांदूळ निवडते आहे आणि शेजारी फ्रॉकमधली मी आहे. ‘‘आणि ही?’’ मी विचारलं. ‘‘हिला पण ओळखली,’’ ती म्हणाली.